उद्या काय घेऊ?

टाचण न काढणारा प्राथमिक शिक्षक जिल्हा परिषदेच्या शाळेत सापडायचा नाही. टाचणाबरहुकूम तास घेणारा सापडला, तर केंद्रात त्याचा सत्कार करायला हरकत नाही. मी स्वतः दोन वह्या बाळगते. एक टाचणवही, जाड पुठ्ठ्याची. तपासणीला कोणी आलं की ती टेबलावर ठेवायची. दुसरी शंभर पानी. उद्या खरोखर काय घ्यायचं ते तिच्यात असतं, आणि मागच्या पानांवर किराण्याची यादीही.

पहिल्या वहीचे रकाने ठरलेले आहेत: दिनांक, तासिका, विषय, घटक, उपघटक, अध्ययन निष्पत्ती, शैक्षणिक साहित्य, अध्ययन अनुभव, मूल्यमापन. साहित्याच्या रकान्यात ‘खडू, फळा, तक्ता’ ही मंडळी वर्षानुवर्षं मुक्कामाला आहेत. शेवटी मुख्याध्यापकांचा शेरा. आमची शाळा द्विशिक्षकी, मुख्याध्यापकाचा कार्यभार माझ्याकडे, त्यामुळे माझ्या टाचणावर सहीही माझीच. सहकारी सर हसून म्हणतात, “मॅडम, एकदा तरी स्वतःला ‘सुधारणा आवश्यक’ असा शेरा द्या.”

डी.एड.ला आम्ही हर्बार्टच्या पायऱ्या घोकल्या होत्या. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, उपयोजन, गृहपाठ. सराव पाठाला एक इयत्ता, एक विषय, समोर ओळीत बसलेली मुलं आणि मागच्या बाकावर पाठनिरीक्षणाची वही उघडून बसलेले आमचे प्राध्यापक. नोकरी लागली ती आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे, आणि सर मीटिंगला गेले की चारही इयत्ता माझ्याकडे. चौथी भागाकार सोडवत असताना तिसरीपुढे हेतुकथन कसं करायचं, हे हर्बार्टसाहेबांनी कुठं लिहून ठेवलेलं नाही. आपण एकीकडे तोंड केलं की दुसरीकडे कुणाची तरी पेन्सिल हरवते.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात एक ओळ आहे, ती फार थोड्यांच्या लक्षात असते. पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस आणि ८०० तास हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच तक्त्यात पुढं शिक्षकाच्या कामाचे आठवड्याला किमान ४५ तास सांगितले आहेत, आणि ते तयारीचा वेळ धरून. म्हणजे उद्या काय शिकवायचं याचा विचार करणं हेही काम आहे, असं २००९ च्या कायद्यानं मान्य केलं आहे. वेळापत्रकात मात्र ‘तयारी’ नावाची तासिका मी आजवर पाहिलेली नाही. तयारी होते ती रात्री, भांडी घासून झाल्यावर.

आणि अडलं तर विचारायचं कुणाला? मोठ्या गावातल्या शाळेत मधल्या सुट्टीत चार जणं एकत्र बसतात, एखादी म्हणते, “अगं, माझी पोरं हातच्यात गोंधळतायत,” आणि दुसरी डबा खाता खाता काहीतरी सांगून जाते. त्या बोलण्याला कुणी प्रशिक्षण म्हणत नाही, पण मला विचाराल तर खरं प्रशिक्षण तेच. वाडीवस्तीच्या शाळेत हे नसतं. सहकारी एकच, आणि त्यांच्यापुढं पहिलीची पोरं रडत असतात. म्हणून मग फोन.

फोनवर ग्रुप पुष्कळ. केंद्राचा वेगळा. तिथं सूचना येतात आणि ‘ओके सर’ जातं. तालुक्याचा वेगळा, संघटनेचा वेगळा. शिवाय तिसरी-चौथी शिकवणाऱ्यांनी आपण होऊन केलेला एक. रात्री नऊनंतर त्याला जाग येते. “कुणाकडे तिसरी गणिताचं या महिन्याचं टाचण आहे का? पीडीएफ असेल तर पाठवा.” दहा मिनिटांत फाईल येते. फाईलच्या माथ्यावर भलत्याच जिल्ह्यातल्या शाळेचं नाव असतं. ते खोडून आपलं घालायचं, छापून वहीत चिकटवायचं. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागते.

बाहेरून पाहणाऱ्याला हा आळस वाटतो. मला नाही वाटत. सगळ्यांना एकाच रकान्यात एकच उत्तर मागितलं, की उत्तरं एकमेकांची बघूनच लिहिली जाणार. वर्णनात्मक नोंदींचं तेच झालं. २० ऑगस्ट २०१० च्या निर्णयानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, त्यामागचा विचार चांगला होता: मुलाला नुसते गुण न देता त्याच्याबद्दल काहीतरी लिहा. वर्षभरात नोंदींच्या तयार पुस्तिका दुकानात आल्या. ‘कविता तालासुरात म्हणतो’ आणि ‘परिसर स्वच्छ ठेवतो’ ही वाक्यं गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत कुठल्याही प्रगतिपत्रकात भेटतील. आमच्याकडं एक मुलगा कविता कधीच म्हणायचा नाही, पण पाखरांच्या आवाजाच्या हुबेहूब नकला करायचा. त्याच्यासाठी पुस्तिकेत ओळ नव्हती.

तयार टाचणांना मध्ये एकदा चांगलाच धक्का बसला. २०२३-२४ ला पुस्तकं चार भागांत आली, आत लिहायला कोरी पानं घातलेली. पृष्ठक्रमांक बदलले, क्रम बदलला, आणि जपून ठेवलेल्या सगळ्या फायली रातोरात कालबाह्य झाल्या. काही दिवस ग्रुपवर वेगळीच शांतता होती. मग कुणीतरी बसून नवीन फाईल केली आणि गाडी पुन्हा रुळावर आली. २०२५-२६ ला पहिलीचा अभ्यासक्रम बदलला तेव्हाही हेच. आता तर फाईल मागायचीही गरज उरली नाही. चॅटजीपीटीला घटकाचं नाव सांगितलं की ते मराठीत छान टाचण काढून देतं. परवा एकीनं तसं टाकलं होतं. त्यात गटकार्याच्या आधी ‘मुलांना प्रोजेक्टरवर चित्रफीत दाखवा’ असं होतं. तिच्या शाळेचं वीजबिल थकलेलं, मीटर काढून नेलेला.

पण त्याच ग्रुपवर कधीमधी दुसऱ्या जातीचा प्रश्न येतो, आणि मी तो ग्रुप सोडलेला नाही तो त्यासाठीच.

माझ्या तिसरीतली एक मुलगी ‘एकशे पाच’ लिही म्हटलं की १००५ लिहायची. मुलगी हुशार, बेरजा पटापट करणारी. फळ्यावर १०५ लिहून दाखवलं की मान डोलवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा १००५. मी वहीच्या पानाचा फोटो काढला, नाव झाकलं आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘काय करू?’

उत्तरं भराभर आली. ‘सराव घ्या मॅडम.’ ‘१ ते ५०० तीनदा लिहून घ्या.’ एका सरांनी त्यांच्या यूट्यूब चॅनलची लिंक दिली, सबस्क्राइब करायला विसरू नका असं बजावून. दोघांनी कृतिपत्रिका पाठवल्या. ही सगळी माणसं मदतच करत होती. पण सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की मुलीला येत नाही, म्हणून जास्त करून घ्यायचं.

रात्री उशिरा जुन्नरच्या बाजूच्या एका गुरुजींचं उत्तर आलं. उत्तर नव्हेच, प्रश्न होता. “बाई, ती तीनशे सदतीस कसे लिहिते? आणि पाचशे चाळीस?”

हे मी तिला विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी विचारलं. तीनशे सदतीसला तिनं ३००३७ लिहिलं. पाचशे चाळीसला ५००४०. आठशेला मात्र बरोबर ८००. आता चित्र स्वच्छ झालं. मुलगी गोंधळलेली नव्हतीच. ती ऐकलं तसं लिहीत होती. तीनशे म्हणजे ३००, पुढं सदतीस म्हणजे ३७, दोन्ही शेजारी शेजारी. नियम तिचा स्वतःचा होता आणि ती तो चोख पाळत होती. तीन वेळा पाचशेपर्यंत लिहायला लावलं असतं, तर तोच नियम तिनं आणखी पक्का केला असता.

गुरुजींनी मग सांगितलं ते असं. जाड कागदाच्या पट्ट्या कापा. शतकाची पट्टी तीन घरांएवढी लांब, तिच्यावर ३००. दशकाची दोन घरांची, तिच्यावर ३०. एककाची एका घराची, तिच्यावर ७. उजव्या कडा जुळवून पट्ट्या एकावर एक ठेवायच्या. तिशीची पट्टी तीनशेच्या शेवटच्या दोन शून्यांवर बसते, सात तिशीच्या शून्यावर बसतो, आणि ३३७ दिसायला लागतं. शून्य कुठं गेलं? खाली आहे, उचलून बघ. आमच्याकडं लग्नसराईत पत्रिकांचा ढीग साठतो. त्या कापून मी पुरा संच केला, १०० ते ९००, १० ते ९०, १ ते ९. मुलीनं एकशे पाच लावलं, पाचाची पट्टी उचलून खालचं शून्य बघितलं, परत ठेवली, परत उचलली. दुपारपर्यंत सगळ्या तिसरीचा तोच उद्योग. चौथीची पोरं भागाकार टाकून बघायला आली.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण पुढच्या आठवड्यात पट्ट्यांशिवाय लिहायला सांगितलं, तर ‘एकशे पाच’ला तिनं १५ लिहिलं. झाकलेली शून्यं तिनं काढूनच टाकली. मी पुन्हा ग्रुपवर. या वेळी गुरुजी म्हणाले, “छान. आता ती घरं मोजत नाहीये, एवढंच. शतक-दशक-एककाची तीन घरं आखून द्या आणि दशकाच्या घरात काय ठेवायचं ते तिलाच ठरवू द्या.” शाळेतल्या गणित पेटीतले दशकाचे दांडे आणि सुटे काढले. शंभराची एक पाटी, पाच सुटे, मधलं घर रिकामं. रिकामं घर तिला आवडलं नाही. तिथं कोण राहतं, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, कुणी नाही. मग ‘कुणी नाही’ कसं लिहायचं, यावर तिसरीत बरीच चर्चा झाली, आणि शून्य लिहायचं असं ठरलं. हे टाचणात कुठल्या रकान्यात घालायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

त्या गुरुजींना मी पुढं दिवाळीच्या सुट्टीत भेटले. निवृत्तीला आलेले, सगळी नोकरी डोंगरपट्ट्यात. त्यांच्याकडून दुसरी एक गोष्ट उचलली, ती बहुवर्गाची. मी तोवर चार इयत्ता म्हणजे चार पाठ असं धरून चालत होते आणि रोज संध्याकाळी घसा बसलेला असायचा. ते म्हणाले, “चार टाचणं नका काढू बाई, एकच काढा आणि ते चौघांना वाटा.” त्यांचा नमुना बाजाराचा होता. मी तो घोडेगावच्या बाजारावर बेतला, कारण आमची पोरं आईबापाबरोबर तिथंच जातात. पहिलीनं वस्तू निवडून गट करायचे आणि मोजायचे. दुसरीनं दहाच्या नोटा आणि सुटी नाणी घेऊन किंमत चुकती करायची. तिसरीनं दोन-तीन वस्तूंची मिळून रक्कम काढायची. चौथीनं दुकान चालवायचं: किलोचा भाव, पावकिलोचे किती, बिल, परत द्यायचे पैसे. सगळे एकाच ठिकाणी, एकाच गलक्यात, आणि दुसरीचा हिशोब चुकला तर चौथीचा दुकानदारच तो दुरुस्त करतो. मला फिरायला मोकळीक मिळाली आणि कोण कुठं अडतंय ते दिसायला लागलं. एका चौथीतल्या मुलानं, जो वर्गात गुणाकाराला कायम खाली मान घालायचा, बाळहिरड्याच्या खरेदीत काटा कसा मारतात याचं सगळ्यांना प्रात्यक्षिक दिलं. मापात कुठं फसवतात तेही सांगितलं. घरच्या हिरड्याची पिशवी घेऊन तो दर हंगामात काट्यासमोर उभा राहिलेला.

या बाजाराचेही मी फोटो टाकले होते. दोन दिवसांत तालुक्यातल्या तीन-चार शाळांनी बाजार भरवला. एका ठिकाणी मंडप, फ्लेक्स, उद्घाटनाला सरपंच. फोटो उत्तम आले. पण चौघांना काम कसं वाटून द्यायचं, हे फोटोत येत नाही. आणि कुणी विचारलंही नाही. मला आठवतं, २०१५ मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम सुरू झाला त्या काळात साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळांचा बोलबाला राज्यभर झाला. शिक्षक गाड्या करून बघायला जात होते. तिथल्या रंगवलेल्या फरशांचे फोटो आमच्यापर्यंत आले आणि बघता बघता गावोगावच्या फरशा ऑइलपेंटनं रंगल्या. आमचीही रंगली. फरशीवरच्या चौकटीत मूल कशासाठी उभं करायचं, हे आम्हाला त्यानंतर बऱ्याच काळानं, त्या बीटमधल्या एका बाईंशी बोलल्यावर समजलं. तोवर पोरं त्या चौकटींत लंगडी खेळत होती. वाया काही गेलं नाही म्हणा.

नियोजन आयतं मिळालं तरी विचारायचं उरतंच, हे मला सर्वांत जास्त जाणवलं ते करोनानंतर. १ जुलै २०२१ पासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आला. दिवस पहिला, दिवस दुसरा, रोजची कृती ठरलेली. मेहनत घेऊन केलेलं काम होतं ते. आमच्या तिसरीनं मात्र दुसरीचा वर्गच पाहिला नव्हता. पहिली अर्धीमुर्धी, मग मार्च २०२० ला शाळा बंद, आणि पुढचं वर्ष ओट्यावर, झाडाखाली, जमेल तसं. पहिल्याच आठवड्यात कळलं की काहींना साधे शब्द वाचता येतात पण काना-मात्रेत अडतात, आणि दोघांना पेन्सिल धरायचीच सवय गेली आहे. दिवस सहावा म्हणजे नेमका कुणाचा सहावा, हे शाळेशाळेत वेगळं होतं. त्या दिवसांत ग्रुपवर जे प्रश्न आले ते मी आजही काढून वाचते. ‘टाचण पाठवा’ असं तेव्हा कुणी म्हणत नव्हतं. ‘माझा एक मुलगा घरून परत यायला तयार नाही’, ‘आवणीला गेलेल्या मुली संध्याकाळी सातला भेटतात, तेव्हा काय घेऊ?’ असं विचारत होते. कुणाकडेच तयार फाईल नव्हती, त्यामुळे सगळे आपापल्या वर्गातलं बोलत होते.

प्रश्न उघडपणे विचारायला लाज वाटते, हेही खरं आहे. टाचण मागण्यात लाज नाही, कारण कागद सगळेच मागतात. पण ‘माझ्या वर्गातल्या मुलाला अजून येत नाही’ असं लिहिलं, की ते कुणी वर दाखवील का, ‘निपुण’ अभियानाच्या यादीत आपली शाळा मागं आहे असं होईल का, ही धास्ती असते. नव्यानं नोकरीला लागलेल्या मुलींचे फोन मला येतात ते म्हणूनच. ग्रुपवर न लिहिता बाजूला विचारतात. “ताई, कुणाला सांगू नका, पण...” मी एकच करते, जुन्नरच्या गुरुजींनी केलं तेच. वहीच्या पानाचा फोटो मागते. नुसतं ‘वजाबाकी येत नाही’ यावर काही सांगता येत नाही. ४०३ मधून १५८ वजा करताना मुलानं नेमकं काय केलं ते पाहिलं, मधलं शून्य तसंच ठेवून आठातून तीन काढले की चारशेतून हातचा थेट एककात आणला, मग बोलता येतं. दोन्हीवरचे उपाय वेगळे आहेत. पुष्कळदा फोटो काढता काढताच त्यांना उत्तर सापडतं आणि फोटो येतच नाही.

गेल्या वर्षी आम्ही काही जणींनी केंद्रप्रमुखांना गळ घातली. महिन्याच्या शिक्षण परिषदेत पहिला अर्धा तास सूचना, परिपत्रकं, ऑनलाइन माहिती यांना हात लावायचा नाही. एका शिक्षकानं एका मुलाची वही आणायची, नाव झाकून, आणि सगळ्यांनी त्या पानावर बोलायचं. केंद्रप्रमुखांनी मान्य केलं. माणूस चांगला आहे, त्याच्या डोक्यावर माहितीचा डोंगर आहे एवढंच. पहिल्या खेपेला सगळे गप्प बसले. कुणीतरी म्हणालं, मुलगा लक्ष देत नसेल. मग पहिलीच्या एका बाईंनी वही हातात घेतली, पान उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाल्या, “हा डावखुरा आहे का हो?” होता. तिथून चर्चा सुरू झाली ती चहा थंड होईपर्यंत. पुढच्या वेळेलाही चांगली झाली. मग निवडणुकीचं काम लागलं, परिषद दोनदा पुढं ढकलली, आणि नंतर झाली ती ऑनलाइन, कॅमेरे बंद ठेवून.

आता पुन्हा प्रत्यक्ष परिषद आहे. विषयपत्रिका आली आहे. वहीचा विषय सातव्या क्रमांकावर, यू-डायस आणि शिष्यवृत्तीच्या अर्जांनंतर. केंद्रप्रमुखांना फोन करून तो पहिल्या क्रमांकावर घ्यायला सांगितलं आहे, बघू म्हणाले. वही मी नेणार आहे, चौथीतल्या एका मुलाची. ६१८ भागिले ६, उत्तर १३. दशकाचा १ सहानं भागत नाही म्हणून त्यानं सरळ पुढचा ८ खाली घेतला आहे आणि भागाकारात शून्य लिहायचं राहिलं आहे. ८४६ भागिले ६ त्यानं अगदी बरोबर केलंय, १४१. ४२० भागिले ४ कसं करतो ते उद्या विचारते, म्हणजे तेही पान बरोबर नेता येईल.